को-जनवरून औष्णिक केंद्रात जायचं तर: आतली कामं कोणती आणि तयारी कोणती?

माणदेशी

नमस्कार मंडळी. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर या पट्ट्यात साखर कारखान्यांचे सहवीजनिर्मिती (को-जन) प्रकल्प भरपूर आहेत. तिथे बॉयलर, टर्बाइन, डीएम प्लांट (बॉयलरसाठी क्षारमुक्त पाणी बनवणारा विभाग) यांवर हात बसलेली बरीच मुलं आता मोठ्या औष्णिक केंद्रांकडे बघत आहेत. जाहिरातीत मात्र ‘ऑपरेशन’ आणि ‘मेंटेनन्स’ एवढे दोनच शब्द असतात. आत कामं नेमकी कशी वाटलेली असतात? ६७ किंवा ८७ किलो दाबाच्या (किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला) बॉयलरवरचा अनुभव तिथे कितपत चालतो? आणि कुशल माणूस खरोखर कमी पडतो तो कुठे? पगाराचे आकडे इतरत्र मिळतात, इथे कामाबद्दल बोलू या.

वाफेची_रेघ

आधी फरक आकड्यांत बघू. को-जनचा बॉयलर तासाला शंभर-सव्वाशे टन वाफ देतो. २१० मेगावॉटच्या संचाला तासाला साधारण ६७० ते ७०० टन वाफ लागते आणि ५०० च्या संचाला १६०० टनांच्या आसपास. ५०० च्या टर्बाइनपाशी दाब १७० किलो, तापमान ५४० अंश. कोराडीचे ६६० चे तीन संच सुपरक्रिटिकल आहेत, म्हणजे २२१ बारच्या वर चालणारे. तिथे ‘उकळणं’ असा टप्पाच नाही, त्यामुळे नेहमीच्या बॉयलरसारखा वाफ आणि पाणी वेगळं करणारा ड्रमही नाही.

तासाला १६०० टन म्हणजे मिनिटाला जवळजवळ २७ टन पाणी. ५०० च्या संचाला बहुधा वाफेवर चालणारे दोन फीड पंप (बॉयलरला पाणी देणारे) आणि मोटरवरचा एक राखीव, अशी मांडणी असते. प्रत्येक पंप निम्म्या लोडचा. चालता पंप गेला की राखीव पंप आपोआप उचलला पाहिजे. नाही उचलला तर संच रनबॅकने, म्हणजे लोड आपोआप उतरवून, साधारण निम्म्या लोडवर यायला हवा. डेस्कवरच्या माणसाला विचार करायला मिळतात ते सेकंद. राखीव पंप उचलला का? मिल (कोळसा दळणारी यंत्रं) ठरलेल्या क्रमाने बंद होत आहेत का? ड्रमची पातळी कुठल्या दिशेला चालली आहे? हे तिन्ही एका नजरेत दिसलं पाहिजे.

ऑपरेशनमधली उतरंड अशी: खाली फील्ड ऑपरेटर (बॉयलरचा शून्य मीटर म्हणजे तळमजला, मिल, फीड पंप, टर्बाइनचं तेल, राख), वर कंट्रोल रूममध्ये डेस्क इंजिनिअर, त्यावर युनिट इन्चार्ज, आणि सगळ्या संचांवर मिळून शिफ्ट इन्चार्ज. को-जनवरून येणारा बहुतेक वेळा फील्डवर लागतो. त्यात कमीपणा मानू नये. जो लाइन पायाखाली घालून आलेला नाही, त्याला डेस्कवरचं चित्र नुसतं चित्रच वाटतं.

को-जनवाल्यांची जमेची बाजूही सांगतो. तिथे एकच माणूस बॉयलर, टर्बाइन आणि पाणी तिन्ही बघतो, ओल्या बगॅसवर प्रेशर सांभाळतो. मोठ्या केंद्रात कामाचे तुकडे इतके बारीक असतात की पाच वर्षं मिलवर काढलेल्या माणसाने कंडेन्सर (वाफेचं परत पाणी करणारा भाग) आतून पाहिलेला नसतो. ही रुंदी मुलाखतीत नीट मांडा.

भोगावती_काठ

उत्तम माहिती. एक शंका. को-जनवर फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र काढलेलं असेल तर ते तिकडे चालतं का, की बीओई (बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा) द्यावीच लागते?

आयबीआर_सहा_जी

अटेंडंट सेकंड क्लास, अटेंडंट फर्स्ट क्लास आणि बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर अशा तीन पायऱ्या आहेत. मोठ्या केंद्राच्या बॉयलरची जबाबदारी कागदोपत्री बीओई झालेल्या माणसावर असते, म्हणून डिप्लोमा किंवा पदवी असलेल्याने ती परीक्षा द्यावीच. आपल्याकडे बाष्पके संचालनालय ती घेते. लेखी आणि तोंडी असे दोन भाग असतात. लोक अडकतात ते तोंडीत. सेफ्टी व्हॉल्व्ह किती दाबाला उठतो हे पाठ असतं, पण ड्रमचा व्हॉल्व्ह आणि सुपरहीटरचा (ड्रममधली वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांचा) व्हॉल्व्ह यांतला आधी कुठला उठायला हवा आणि का, हे विचारलं की गडबड होते. उत्तर: सुपरहीटरचा आधी. ड्रमचा आधी उठला तर वाफ सुपरहीटरमध्ये न जाता बाहेर पडते, नळ्यांतला प्रवाह कमी होतो आणि आग चालू असल्याने नळ्या तापतात.

अर्ज परत येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे अनुभवाचा दाखला. त्यावर बॉयलरचा नोंदणी क्रमांक, हीटिंग सरफेस, कामाच्या तारखा आणि पद स्पष्ट हवं. ‘बॉयलर विभागात कार्यरत होते’ एवढ्यावर भागत नाही. कारखाना सोडतानाच दाखला नीट लिहून घ्या, नंतर सही करणारा माणूस बदललेला असतो. आणखी एक: १९२३ च्या कायद्याच्या जागी आता बॉयलर्स कायदा, २०२५ आला आहे. जुन्या गाइडवरून तोंडीची तयारी करणाऱ्यांनी कायद्याचा भाग नव्याने वाचावा.

डीएम_प्लांट

कुशल माणूस कुठे कमी पडतो, या प्रश्नाचं माझं उत्तर: पाण्यावर. बी.एस्सी. किंवा एम.एस्सी. रसायनशास्त्र झालेल्यांना वीजकेंद्रात आपल्यासाठी जागा असते हेच माहीत नसतं. बॉयलरच्या नळ्यांचं आयुष्य मात्र बरंचसं त्यांच्या हातात असतं.

को-जनवर या कामाचा एक नमुना सगळ्यांनी पाहिलेला असतो. बाष्पीभवन विभागात नळी गळली की कंडेन्सेटमधून (वाफ निवून झालेल्या पाण्यातून) साखर बॉयलरला जाते. मग अल्फा-नॅफ्थॉलची चाचणी: नमुन्यात दोन-चार थेंब, टेस्ट ट्यूबच्या कडेने हळूच तीव्र सल्फ्युरिक आम्ल सोडायचं, दोन थरांच्या मध्ये जांभळं कडं दिसलं की साखर आहे. उशीर झाला तर ड्रमचा पीएच कोसळतो, पाणी फेसाळतं, आणि वाफेबरोबर क्षार टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन बसतात.

औष्णिक केंद्रात साखर नाही, पण तिची जागा घेतं कंडेन्सरचं थंड पाणी. कंडेन्सरमध्ये नळ्यांच्या आत थंड पाणी, बाहेर निर्वात. नळीला सुईएवढं भोक पडलं तरी कच्चं पाणी आत खेचलं जातं. हे कळतं स्वॅस पॅनेलवर, म्हणजे जिथे वाफेचे आणि पाण्याचे नमुने २५ अंशांपर्यंत थंड करून सतत मोजले जातात. सगळ्यात आधी हलतात दोन आकडे: कंडेन्सेट पंपाच्या डिस्चार्जवरचं सोडियम आणि कॅटायन कंडक्टिव्हिटी (कॅटायन रेझिनच्या कॉलममधून काढलेल्या नमुन्याची वीजवाहकता). फीड वॉटरची कॅटायन कंडक्टिव्हिटी ०.२ ते ०.३ मायक्रोसीमेन्सच्या आत असावी लागते, सिलिका २० पीपीबीच्या आत, विरघळलेला प्राणवायू ७ पीपीबीच्या आत. पीपीबी म्हणजे अब्जात एक भाग. को-जनवर पीपीएममध्ये बोलणाऱ्याला ही सवय लावून घ्यावी लागते.

इथे नवा माणूस हमखास फसतो. कंडक्टिव्हिटी वाढलेली दिसते, तो गळतीची ओरड करतो, आणि निघतं काय, तर कॅटायन कॉलममधलं रेझिन संपलेलं. म्हणून क्रम असा: आधी रेझिनचा रंग बघा, मग नमुन्याचा प्रवाह आणि तापमान, मग सोडियम. सोडियमही वाढलेलं असेल तर ड्रमचा पीएच बघा. तोही उतरत असेल तर शंकेला जागा नाही. लगेच ट्रायसोडियम फॉस्फेटचं डोसिंग, ब्लोडाउन (ड्रममधलं थोडं पाणी बाहेर सोडणं), आणि शिफ्ट इन्चार्जला लेखी सूचना. लेखी यासाठी की लोड कमी करायचा निर्णय महागाचा असतो. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या शिफ्टपर्यंत पोचत नाही.

सुपरक्रिटिकलमध्ये ड्रम नाही, म्हणून ब्लोडाउनही नाही. जी घाण आत गेली ती थेट टर्बाइनपर्यंत जाते. त्यामुळे तिथे सगळं कंडेन्सेट पॉलिशिंग युनिटमधून, म्हणजे रेझिनच्या गाळणीतून, फिरवतात. त्या रेझिनचं पुनर्भरण, दोन जातींचं रेझिन वेगळं करणं, सोडियमची गळती सांभाळणं यात मुरलेली माणसं मोजकी आहेत.

कोराडीचं उदाहरण मुद्दाम देतो. तिथे नागपूरच्या भांडेवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी वापरतात. गोड्या पाण्याची फार मोठी बचत आहे ही. पण अशा पाण्यात अमोनिया, फॉस्फेट आणि सेंद्रिय द्रव्यं धरणाच्या पाण्यापेक्षा जास्त असण्याची शक्यता धरावी लागते. फॉस्फेटमुळे कॅल्शियमचा थर बसू शकतो, अमोनिया क्लोरीन खातो, शेवाळ आणि चिकटा वाढतो. म्हणजे कूलिंग टॉवरचं रसायनशास्त्र हे आता स्वतंत्र काम झालं आहे. परळीचे संच २०१३ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. मराठवाड्यात आणि विदर्भात पाणी समजणाऱ्या माणसाची गरज वाढतच जाणार आहे.

माणदेशी

डीएम_प्लांट, नमुन्याचा क्रम फार उपयोगी. गळकी नळी शोधतात कशी? हजारो नळ्या असतात ना?

डीएम_प्लांट

हो, हजारो. कंडेन्सरच्या पाण्याच्या दोन बाजू असतात. लोड साधारण निम्म्यावर आणून एक बाजू बंद करतात, पाणी काढतात, मॅनहोल उघडतात. टर्बाइन चालूच असतं, म्हणजे आत निर्वात आहे. मग ट्यूब शीटवर (नळ्यांची तोंडं बसवलेल्या पत्र्यावर) फेस मारतात किंवा पातळ प्लास्टिकची फिल्म लावतात. गळक्या नळीच्या तोंडाशी फेस आत ओढला जातो, फिल्म खळगा धरते. दोन्ही टोकांना निमुळते प्लग ठोकले की काम झालं. प्लग मारलेल्या नळ्यांचा नकाशा ठेवलाच पाहिजे, कारण एकाच भागात प्लग वाढत असतील तर तिथे वाफेचा मारा किंवा नळ्यांचं थरथरणं हे मूळ कारण असू शकतं. आत जाणाऱ्याने प्राणवायू मोजल्याशिवाय पाय टाकू नये. वॉटर बॉक्स ही बंदिस्त जागा आहे.

पूर्णा_खोरं

थोडं वेगळं मत. रसायनाचं काम महत्त्वाचं आहे हे मान्य, पण एका केंद्रात त्याच्या जागा किती? फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंटवाले यांच्या त्याच्या कित्येक पट असतात. आयटीआय करून येणाऱ्या मुलाला ‘रसायनात जा’ सांगून उपयोग नाही. त्याच्यासाठी वेल्डिंगवर कोणीतरी लिहा.

आयबीआर_सहा_जी

लिहितो. बॉयलरच्या प्रेशर पार्टला हात लावणाऱ्या वेल्डरला आयबीआरची (भारतीय बॉयलर नियमावलीची) पात्रता लागते. बॉयलर निरीक्षकासमोर चाचणी, त्या तुकड्याची तपासणी, आणि मग ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र; मुदत दोन वर्षांची असते. मधे खंड पडू देऊ नका. सहा-जी, म्हणजे ४५ अंशांत तिरका पक्का बांधलेला पाइप, ही स्थिती जमली की बाकीच्या बहुतेक जमतात.

केंद्रात वेल्डरचं खरं काम निघतं बॉयलर ट्यूब लीकेजच्या वेळी. नळी फुटली की वाफेचा झोत शेजारच्या नळ्या कापतो, त्या फुटून पलीकडच्या. म्हणून संच जितका उशिरा बंद कराल तितक्या जास्त नळ्या बदलाव्या लागतात. बॉयलर थंड झाला की आत मचाण, मग खराब भाग कापून नवा तुकडा. इकॉनॉमायझरच्या (बॉयलरला जाणारं पाणी आधी तापवणाऱ्या भागाच्या) नळ्यांमध्ये हात जेमतेम जातो; मागची बाजू आरशात बघून वेल्ड करावी लागते. आरशात डावं-उजवं उलटतं, त्यामुळे सरावाशिवाय हात चुकीच्या दिशेला जातोच. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये दोन पाइप भिंतीला खेटून बांधा आणि आरसा लावून रूट पास (सांध्याचा पहिला थर) मारायचा सराव करा. त्याला पैसे लागत नाहीत.

धातूंची ओळख हा दुसरा भाग. साधं कार्बन स्टील, मग टी-११, टी-२२, आणि मुख्य वाफेच्या लाइनला पी-९१. पी-९१ हा नऊ टक्के क्रोमियमचा धातू, आणि चूक अजिबात खपवून घेत नाही. प्रीहीट २०० ते २५० अंश, दोन पासांमधलं तापमान साधारण ३०० च्या वर जाऊ द्यायचं नाही, रूटच्या मागे आर्गॉन. वेल्ड संपल्यावर सांधा १०० अंशांच्या खाली येऊ द्यायचा आणि मगच पीडब्ल्यूएचटी (वेल्डनंतर सांधा ठरावीक तापमानाला तापवून ठेवणं), ७५० ते ७७० अंशांवर. घाई करून गरम असतानाच पीडब्ल्यूएचटी सुरू केलं तर आतली रचना पूर्ण बदललेली नसते. सांधा वरून सुंदर दिसतो आणि आतून ठिसूळ राहतो. उलट, तापमान ८०० च्या वर गेलं तर धातूची ताकदच जाते. थर्मोकपल सुटून खोटं तापमान दाखवणं हे इथलं नेहमीचं दुखणं, म्हणून मोठ्या पाइपवर एकापेक्षा जास्त थर्मोकपल लावतात आणि शेवटी कडकपणा मोजतात. साधारण १९० ते २५० ब्रिनेल आला पाहिजे.

आर्गॉन कोंडायला पाण्यात विरघळणारा कागद वापरा. चिंधी किंवा स्पंज आत राहून गेला तर तो हेडरमध्ये (नळ्या जिथे येऊन मिळतात त्या जाड पाइपमध्ये) अडकतो, त्या नळीचा प्रवाह तुटतो, आणि काही दिवसांत ती नळी तापून फुटते. लोक ‘मटेरियल खराब’ म्हणतात, कारण मात्र ती चिंधी असते.

सावली_बेलोरा

फुटलेल्या नळीचं तोंड वाचता येणं हेही एक कौशल्य आहे, बॉयलर मेंटेनन्समध्ये जाणाऱ्याने ते शिकावं. कडा पातळ, धारदार आणि माशाच्या तोंडासारखा चिरा: अचानक खूप तापली, बहुधा प्रवाह अडला. कडा जाड, आजूबाजूला समांतर बारीक चिरा, बाहेर जाड ऑक्साइड: वर्षानुवर्षं थोडी जास्त तापत राहिली. एका बाजूने गुळगुळीत घासलेली: राखेची झीज. आपल्या कोळशात राख ३५ ते ४५ टक्के, आणि झीज वायूच्या वेगाच्या साधारण तिसऱ्या घाताने वाढते, म्हणून कोपऱ्यात जिथे वायूला मोकळी वाट मिळते तिथल्याच नळ्या आधी जातात. आतून खड्डे आणि खिडकीसारखा तुकडाच उडालेला: पाण्याचं दुखणं, डीएम_प्लांट यांच्या विभागाशी बोला. फुटलेला तुकडा भंगारात टाकायच्या आधी त्याचा फोटो, उंची, कितवी नळी हे लिहून ठेवा. ही वही ज्याच्याकडे असते त्याला पुढच्या ओव्हरहॉलमध्ये कुठल्या नळ्यांची जाडी मोजायची हे विचारावं लागत नाही.

तीनपैकी_दोन

कंट्रोल आणि इन्स्ट्रुमेंटेशनबद्दल. डिप्लोमा इन्स्ट्रुमेंटेशन किंवा इलेक्ट्रॉनिक्स असलेल्यांनी हा विभाग मागून घ्यावा. को-जनवर पीएलसी आणि छोटी डीसीएस (यंत्रं आपोआप चालवणाऱ्या संगणकी प्रणाली) हाताळलेली असेल तर पाया तयार असतो. फरक पडतो संरक्षणाच्या तर्कात.

ड्रमची पातळी, भट्टीचा दाब, ल्युब ऑइलचा दाब अशा ट्रिपच्या (संच आपोआप बंद करणाऱ्या) गोष्टींना तीन ट्रान्समीटर असतात आणि तिघांतल्या दोघांनी सांगितलं तरच संच ट्रिप होतो. आता एक ट्रान्समीटर बिघडला, आणि दुरुस्तीसाठी तुम्ही तो ‘ठीक’ म्हणून फोर्स केला, म्हणजे सिस्टिममध्ये त्याचं सांगणं हाताने ठरवून ठेवलं. उरले दोन, आणि आता दोघांनीही सांगितलं तरच ट्रिप होणार. त्यातला एक अडकलेला असेल तर संरक्षणच नाही. उलट ‘ट्रिप’ म्हणून फोर्स केला तर उरलेल्यांतल्या एकाच्या चुकीवर संच जाईल. कुठला धोका पत्करायचा हे इन्स्ट्रुमेंटवाल्याने एकट्याने ठरवायचं नसतं. शिफ्ट इन्चार्जची सही, फोर्स रजिस्टरमध्ये वेळ, आणि काम संपताच फोर्स काढल्याची नोंद. संच थांबवून सुरू करण्याआधी ते रजिस्टर रिकामं आहे का हे बघणं, यासारखी सवय नाही.

बाकी रोजचं काम साधं असतं: इंपल्स लाइन (ट्रान्समीटरपर्यंत दाब नेणारी बारीक नळी) चोक झाली, फ्लेम स्कॅनरच्या भिंगावर राख बसली, सोलेनॉइडची कॉइल गेली. ड्रम लेव्हल ट्रान्समीटरच्या रेफरन्स लेगमध्ये (तुलनेसाठी पाण्याने भरून ठेवायच्या नळीत) पाणी पूर्ण भरलेलं नसेल तर पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. डेस्कवाला पाणी कमी करतो आणि खरी पातळी धोक्यात जाते. लाइन उघडल्यावर रेफरन्स लेग भरून निवायला वेळ द्या, मगच ट्रान्समीटर सेवेत घ्या.

पट्टा_नंबर_चार

कोळसा हाताळणीकडे कोणी वळत नाही, धुळीमुळे. पण केंद्राचा सगळ्यात मोठा खर्च तिथून आत येतो. ५०० चा संच तासाला ३०० टनांच्या वर कोळसा खातो. रेकमध्ये (कोळशाच्या एका मालगाडीत) ५८-५९ वाघिणी, म्हणजे जवळजवळ चार हजार टन. एका संचाला तो अर्धा दिवस पुरतो.

सॅम्पलिंग आणि प्रयोगशाळेचं काम इथेच येतं. उष्मांक हवेत वाळवलेल्या नमुन्यावर मोजतात, पण बंकरमध्ये पडतो तो ओला कोळसा. प्रयोगशाळेने ४००० किलोकॅलरी दिले, त्या नमुन्यातला ओलावा ६ टक्के, आणि आलेल्या कोळशाचा एकूण ओलावा १४ टक्के असेल, तर खरा उष्मांक ४००० × ८६ ÷ ९४, म्हणजे साधारण ३६६०. हा ३४० चा फरक न कळता कोणी हीट रेट (एका युनिट विजेला किती उष्णता लागली) काढत बसला तर बॉयलरवाल्यांना विनाकारण दोष जातो. एकूण ओलाव्याचा नमुना बंद डब्यात ठेवा. उन्हात उघडा राहिलेला नमुना खोटं बोलतो.

पावसाळ्यात शूट (कोळसा खाली उतरवणाऱ्या उताराच्या वाटा) चोक होतात, फीडरवर कोळसा येत नाही, मिलचं आउटलेट तापमान पडतं, आणि आग टिकवायला तेल जाळावं लागतं. शूट मोकळी करताना पट्टा बंद आहे एवढं पुरत नाही. मोटरचा ब्रेकर बाहेर काढलेला, कुलूप लावलेलं, पुल कॉर्ड (पट्टा थांबवायची दोरी) ओढलेला, आणि परमिट (कामाची लेखी परवानगी) हातात. पट्ट्यावरचे बहुतेक अपघात ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणून परमिट न घेतल्याने होतात. माझी कळकळीची विनंती आहे, कंत्राटी कामगारांपासून इंजिनिअरपर्यंत सगळ्यांना: सुपरवायझर ओरडला तरी परमिटशिवाय पट्ट्यावर चढू नका.

कृष्णाकाठची_ताई

परमिटचा मुद्दा इलेक्ट्रिकलमध्ये तितकाच कडक हवा. ६.६ केव्हीचा ब्रेकर ‘ऑफ’ असणं आणि ‘आयसोलेटेड’ असणं यात माणसाच्या जिवाचं अंतर आहे. सर्व्हिस, टेस्ट, आयसोलेटेड या तीन स्थिती ब्रेकर बाहेर ओढून डोळ्यांनी बघायच्या, मग टेस्टरने वीज नसल्याची खात्री, मग अर्थिंग, मग काम. मुलींना विचारायचं असतं म्हणून लिहिते: प्रोटेक्शन आणि टेस्टिंग हा विभाग त्यांनी जरूर मागावा. रिलेच्या सेकंडरी इंजेक्शनच्या चाचण्या, मोटरचं मेगरिंग (इन्सुलेशनचा रोध मोजणं), पोलरायझेशन इंडेक्स हे डोक्याचं आणि शिस्तीचं काम आहे. इंडेक्स म्हणजे दहाव्या मिनिटाचं रीडिंग भागिले पहिल्या मिनिटाचं. दोनच्या खाली आला तर मोटर ओली किंवा मळलेली आहे असं धरून हीटर लावा, चार्ज करायची घाई नको.

मोठ्या जनरेटरमध्ये हायड्रोजन असतो. हवा काढून थेट हायड्रोजन कधीच भरत नाहीत; आधी कार्बन डायऑक्साइडने हवा बाहेर, मग हायड्रोजन. काढतानाही तसंच उलट. हे काम करणारी टीम ठरलेली असते, आणि त्यात शिरायला मिळालं तर सोडू नका.

भोगावती_काठ

कोळशाच्या कामाला भविष्य आहे का, हाही प्रश्न विचारतो. घरचे म्हणतात सोलर शिका.

वाफेची_रेघ

सोलरमुळे कोळशाचं काम बदलतं आहे, आणि ते अवघड होत चाललं आहे. दुपारी सौर वीज भरपूर आली की कोळशाच्या संचांना लोड खाली आणायला सांगतात, आणि सूर्य मावळताना भराभर वर. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ च्या नियमांत किमान लोड आधी ५५ आणि पुढे ४० टक्क्यांपर्यंत नेण्याची दिशा दिली आहे. ४० टक्क्यांवर आग अस्थिर होते, कमी मिल चालवायच्या असतात, स्कॅनर लुकलुकतात. रोज वरखाली तापल्याने जाड हेडर आणि ड्रम थकतात. कमी लोडवर बर्नर, हवा आणि मिल यांचा मेळ घालू शकणारा डेस्क इंजिनिअर आणि हेडरच्या थकव्याचा हिशोब करणारा मेटलर्जीचा माणूस, या दोघांची मागणी वाढणार असं माझं मत आहे.

शिवाय वीज साठवायला घाटघरसारखे उदंचन (पाणी वर चढवून ठेवायचं आणि हवं तेव्हा सोडून वीज करायची) प्रकल्प आहेत (१२५ मेगावॉटचे दोन संच), कोयना आहे, आणि हे सगळं जुळवणारं ऐरोलीचं राज्य भार प्रेषण केंद्र आहे. टर्बाइन, गव्हर्नर, जनरेटर समजणाऱ्याला ते दरवाजे बंद नसतात. ग्रिडवर फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायची, हे काम पुढे आणखी नाजूक होणार.

पूर्णा_खोरं

एनर्जी ऑडिटरची परीक्षाही जोडतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची, चार पेपर. पहिले तीन झाले तर एनर्जी मॅनेजर, चारही झाले तर ऑडिटर. को-जनवर असताना देता येते. अभ्यासातलं एक वाक्य रोज उपयोगी पडतं: चिमणीकडे जाणाऱ्या वायूचं तापमान साधारण २२ अंशांनी कमी झालं की बॉयलरची कार्यक्षमता एका टक्क्याने वाढते. एअर प्रीहीटर (त्या वायूच्या उष्णतेने हवा तापवणारा) स्वच्छ ठेवायचं कारण त्यात आलं.

माणदेशी

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं: समजा एखाद्याची फील्ड ऑपरेटर म्हणून निवड झाली. पहिल्या महिन्यात त्याने काय करावं?

वाफेची_रेघ

लाइन ट्रेसिंग. एक वही, एक पेन्सिल, एक टॉर्च. पहिला आठवडा फक्त कंडेन्सेट: हॉटवेलपासून (कंडेन्सरखालची टाकी) डीएरेटरपर्यंत (पाण्यातला प्राणवायू काढणारी टाकी) प्रत्येक व्हॉल्व्ह कागदावर, त्याचा टॅग, कुठल्या मजल्यावर, हातचाक कुठल्या दिशेला फिरतं. दुसरा आठवडा डीएरेटरपासून फीड पंप आणि इकॉनॉमायझर. तिसरा ल्युब ऑइल आणि सील ऑइल. त्यात डीसी आणीबाणी पंप कुठे आहे, कुठल्या दाबाला आपोआप उचलतो आणि त्याची शेवटची चाचणी कधी झाली हे विचारून लिहा. सगळी वीज गेली तरी टर्बाइन थांबेपर्यंत बेअरिंगना तेल देणारा तोच पंप असतो. चौथा आठवडा मिल: रिजेक्टच्या (मिलने बाहेर टाकलेल्या मालाच्या) डब्यात दगड आणि लोखंड येतंय की चांगला कोळसा, आउटलेट तापमान किती, डब्यातून धूर येतोय का. रिजेक्टमध्ये चांगला कोळसा येऊ लागला तर हवा कमी पडते आहे किंवा मिलच्या आत झीज झाली आहे. डब्यात धूर दिसला तर झाकण उघडू नका, आधी डेस्कला कळवा.

काढलेलं चित्र महिन्याअखेरीस केंद्राच्या पी अँड आय ड्रॉइंगशी (पाइप आणि उपकरणांच्या नकाशाशी) ताडून बघा. जिथे जुळत नाही तिथे लाल खूण करून शिफ्ट इन्चार्जला दाखवा. जुन्या संचांत वर्षानुवर्षं लाइन बदललेल्या असतात आणि ड्रॉइंग तसंच राहिलेलं असतं, त्यामुळे तुमची खूण बरोबर निघायचीही शक्यता असते.

डीएम_प्लांट

आणि त्या वहीत स्वॅसच्या प्रत्येक नमुन्याचा टॅपिंग पॉइंट कुठे आहे तेही लिहून घ्या. रात्री तीनला सोडियम वाढलं की केमिस्ट पहिला फोन फील्ड ऑपरेटरलाच करतो: ‘नमुन्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का, जरा बघून सांगा.’